सूर्यास्तानंतर चार्जिंग बंद

नगररचना खात्यात मी उभं आयुष्य काढलं, पण माझी आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी सरकारात नकाशे रंगवते." अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगी सरकारात आहे, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून शिकली, एवढं पुरेसं होतं. ती तिथं काय करते याची चौकशी फक्त वडिलांनी केली. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. म्हणाले, "कोणत्या जागेले कोणता रंग, हे कोण ठरवते?" मी म्हटलं, "कायदा." ते म्हणाले, "मंग तू कायले लागते?" याचं उत्तर मला निवृत्त झाल्यावरही नीट देता येत नाही.

आईचं म्हणणं तसं फार चुकीचं नव्हतं. आमच्या नकाशात पिवळा म्हणजे घरं, निळा म्हणजे दुकानं, जांभळा म्हणजे कारखाने आणि हिरवा म्हणजे शेती. हिरव्यावर कुणाला शेतीशिवाय काही करायचं असेल तर त्याची फाइल आमच्याकडे येते. आम्ही जागेवर जातो. रस्ता किती रुंद आहे, नाला कुठून वाहतो, झाडं किती पाडावी लागतील, हे बघतो आणि अभिप्राय देतो. परवानगी आम्ही देत नाही, 'देण्यास हरकत नाही' एवढंच लिहितो. परवानगी देणारा म्हणतो, नगररचनेची हरकत नव्हती म्हणून दिली. पुढे काही बिघडलं तर चूक कुणाची हे शोधायला निघालेला माणूस सगळी टेबलं फिरून पुन्हा पहिल्या टेबलाशी येतो. तोवर पहिल्या टेबलावरच्या माणसाची बदली झालेली असते.

माझी शेवटची वर्षं अमरावतीच्या कार्यालयात गेली आणि त्यातलं बरंचसं काम मेळघाटाच्या पायथ्याचं होतं. व्याघ्र प्रकल्पाची हद्द जिथे संपते तिथून बाहेर एक पट्टा सुरू होतो. त्याला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणतात. जंगल संपलं पण जंगलाचे नियम संपले नाहीत, अशी ही जागा. तिथे गावं आहेत, हरभऱ्याची शेतं आहेत, संत्र्याच्या बागा आहेत, आणि तिथे काहीही नवं करायचं तर एका समितीपुढे जावं लागतं. समितीत महसूलवाले, वनखातं, वीज कंपनी आणि आम्ही. वाघ सोडून सगळे.

अशात विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. चिखलदऱ्याला फिरायला जाणारी मंडळी त्या गाड्या घेऊन घाट चढू लागली आणि आमच्याकडे चार्जिंग स्टेशनचे अर्ज येऊ लागले. आमच्या नियमांच्या पुस्तकात हा शब्दच नव्हता. पेट्रोलपंप होता. त्याला या पट्ट्यात बंदी, कारण जमिनीखाली टाकी असते. आता चार्जिंग स्टेशन म्हणजे पेट्रोलपंपाचा भाऊ समजायचा की मोबाइलच्या चार्जरचा, यावर आमच्या कार्यालयात एक अख्खा उन्हाळा गेला. रिद्धपूरच्या रस्त्यावरचे अर्ज आम्ही बिनघोर सोडले, तिकडे जंगल नाही. घाटाकडचे मात्र अडकून राहिले.

अर्जदारही एकेक होते. अमरावतीच्या एका रिसॉर्टवाल्या शेठजींनी आणलेल्या नकाशात चार्जरचा डबा कोपऱ्यात एवढासा होता आणि बाकीच्या जागेत पोहण्याचा तलाव, उपाहारगृह आणि भलामोठा हॉल. मी विचारलं, हे काय? शेठजी म्हणाले, "मॅडम, गाडी चार्ज व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ माणसानं काय ऊन खात बसावं?" मी म्हटलं, "तेवढ्या वेळात लग्न लावायचं असतं का?" ते जराही न लाजता म्हणाले, "सीझनमध्ये लागते हॉल."

एक निवृत्त गुरुजी आले. त्यांना शेतात चार्जिंग स्टेशन हवं होतं, कारण पुण्याचा मुलगा 'गावात गाडी चार्ज करायची सोय नाही' म्हणून यायचं टाळत होता. मी त्यांना सांगितलं, गुरुजी, घरातल्या बोर्डावरही गाडी चार्ज होते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गुरुजींनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. मग म्हणाले, "मग तो दुसरं काही कारण सांगेल." अर्ज घडी करून खिशात घातला आणि गेले.

शेवटी वरून मार्गदर्शन आलं, अटी घालून परवानगी द्या. अटी ठरवायला समिती बसली. झाडं तोडायची नाहीत, तारा खांबांवरून न नेता जमिनीखालून न्यायच्या, आणि रात्री सगळं बंद. शेवटची अट वनखात्याच्या साहेबांनी सुचवली, शब्द मी जुळवले. 'रात्रीची वेळ वन्यप्राण्यांच्या हालचालीची असल्याने सूर्यास्तानंतर चार्जिंग बंद राहील व सदर जागेत माणसांची ये-जा असणार नाही.' साहेबांना वाक्य आवडलं. मलाही आवडलं होतं.

याच सुमारास अकोट तालुक्यातून गजाननचा अर्ज आला.

गाव सातपुड्याच्या अगदी पायाशी. गावाचा रस्ता गजाननच्या संत्र्याच्या बागेपाशी संपतो, पुढे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. मी स्थळपाहणीला गेले तेव्हा आमची जीप तिथे वळवायलाही जागा नव्हती. गजानन चाळिशीचा, उंच, हडकुळा माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट. पाहणीला साहेबलोक येणार म्हणून घातलेला असावा. बांधावर त्याची बायको सुनंदा उभी होती. तिने चहा ठेवते म्हटलं. अर्जदाराच्या घरचा चहा घ्यायचा नाही हा माझा नोकरीभराचा नियम, त्यामुळे मी पाणी मागितलं. तिच्या तोंडावर नाराजी दिसली, पण पाणी तिने थंडगार आणलं.

टेप लावून झाली, झाडं मोजून झाली. मी गजाननला म्हटलं, "गजाननभाऊ, या रस्त्यानं गाडी येते कोणती?"

"कोणतीच नाही येत."

"मग चार्जिंग स्टेशन कशाला?"

तो हसला. म्हणाला, "मॅडम, तुमी जुन्या शेरातल्या हा ना? बोलण्यावरून समजलं. मंग तुमाले खरं सांगतो. गाडी येवो का न येवो, लाईट तं येईन."

शहरातल्या वाचकाला इथे थोडं सांगावं लागेल. शेतीच्या पंपाला वीज पाळीपाळीने मिळते. एका आठवड्यात दिवसा, तर पुढच्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी कंदील किंवा बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, मोटर चालू करतो, आणि या दांडातून त्या दांडात पाणी फिरवत पहाट करतो. जंगलाच्या कडेला असं करणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. चार्जिंग स्टेशनला मात्र अशी पाळी नसते. त्याला चोवीस तास वीज. गजाननने हे कुठेतरी वाचलं होतं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. सौरपंपासाठीही त्याने अर्ज केला होता, पण तुमच्याकडे आधीची वीजजोडणी आहे म्हणून तो परत आला.

"त्यासाठी एवढा खटाटोप?" मी म्हटलं.

त्याने गोठ्याकडे बघून हाक मारली, "दादा, इकडं ये जरा."

त्याचा थोरला भाऊ नामदेव आला. तोंडावर दुपट्टा गुंडाळलेला. गजाननने खुणावल्यावर त्याने तो खाली केला. एक डोळा नव्हता. नाक होतं, पण जिथे असायला हवं तिथे नव्हतं. अस्वल तोंडावरच येतं, हे मला वनरक्षकाने आधी सांगितलेलं होतं. पण ऐकणं आणि बघणं यात फार फरक आहे. मी मान वळवली. नामदेवने शांतपणे दुपट्टा पुन्हा गुंडाळला आणि म्हणाला, "त्याचं काही नाही मॅडम. तेबी पाण्यालेच आलतं."

परतताना जीपमध्ये आमच्यासोबतचा वनरक्षक म्हणाला, अशी माणसं या पट्ट्यात गावोगाव आहेत, दुपट्ट्यावरून ओळखू येतात. मी खिडकीबाहेर बघत राहिले. उन्हात चालणाऱ्या कुणाच्याही डोक्याला दुपट्टा असतो आणि मला त्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तसाच वाटायला लागला.

समितीपुढे शेठजींचं रिसॉर्ट आणि गजाननचा अर्ज एकाच दिवशी आले. शेठजींनी हॉल नकाशातून तात्पुरता काढला होता, त्यांचं काम चुटकीसरशी झालं. गजाननच्या वेळी वनखात्याच्या साहेबांनी हरकत घेतली. हा माणूस खुर्चीवर बसून जंगल बघणाऱ्यांतला नव्हता. ते म्हणाले, जंगलाच्या तोंडाशी वीज नेली की कुणीतरी तारेवर आकडा टाकतो, रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडतो आणि त्यात वाघ मरतो. "एका वाघिणीला मी स्वतः तारेतून सोडवलंय. पोटात पिल्लं होती." ते खोटं बोलत नव्हते आणि गजाननही खोटा नव्हता. अशा वेळी नकाशाचे रंग काही कामाचे नसतात.

अध्यक्षांनी गजाननला विचारलं, "तुमच्याकडे गाड्या किती येतील?"

गजानन उभा राहून म्हणाला, "जेवढ्या रस्ता चुकतीन तेवढ्या, साहेब."

सगळे हसले. त्या हसण्याने काम थोडं सोपं झालं. मी माझा अभिप्राय वाचला. एकही झाड पडत नाही, बांधकाम म्हणजे एक पत्र्याची शेड, तारा जमिनीखालून नेल्या की आकडा टाकता येणार नाही, सूर्यास्तानंतर बंदची अट आहेच. आमचे साहेब माझ्या कानाशी लागले, "मॅडम, तिथं गाडी कोण नेणार आहे?" मी म्हटलं, "सर, गाडी आलीच पाहिजे असं आपल्या कोणत्या नियमात आहे?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. पण ते मुळात शेतकऱ्याचं पोर. त्यांनी सही केली.

त्या अभिप्रायाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. सगळ्या नोकरीत इतक्या आनंदाने मी दुसरा लिहिला नाही.

पुढे वर्षभरात शेड उभी राहिली, डबा बसला, शेडवर पाटी लागली, 'सूर्यास्तानंतर चार्जिंग बंद'. आणि शेडमधून एक जाड वायर विहिरीच्या मोटरीकडे गेली. हे मला गजाननने फोनवर सांगितलं. "मॅडम, आज दिवसा ओलीत केलं. दुपारी सुनंदानं वावरातच भाकर आणली. रातच्याले घरी झोपलो. झोपच नाही लागली, सवय नाही ना." मला फार हसू आलं. एकदा अकोल्याच्या एका डॉक्टरांची गाडी खरंच रस्ता चुकून तिथे पोचली. गजाननने मोटर बंद केली, गाडी चार्ज करून दिली, सुनंदाने त्यांच्या मुलांना संत्री दिली. डॉक्टरांनी त्या जागेचं इंटरनेटवर कौतुक लिहिलं. तोडणीच्या वेळी एक पोतं संत्री आमच्या कार्यालयाच्या पायरीवर आली. मी ती परत पाठवली. गजानन फोनवर म्हणाला, "खाण्याच्या वस्तूले नाही म्हन्लं तं पाप लागते मॅडम." मी म्हटलं, "निवृत्त झाल्यावर येते, तेव्हा झाडाखाली बसून खाते."

पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला वीज कंपनीचं भरारी पथक आलं. कुणी कळवलं ते समजलं नाही. त्यांनी मोटरीकडे जाणारी वायर पाहिली, फोटो काढले, जोडणी तोडली आणि गजाननवर केस केली. तो तसाच बस धरून माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"मॅडम, चोरी म्हन्तेत. मीटर फिरे, बिल भरो. चोरी कायची केली मी?"

"वापर बदलला म्हणतात ते."

"पाणीच दिलं ना बाप्पा झाडाले. दारू तं नाही पाजली."

मी त्याला घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथला अभियंता तरुण, सभ्य. त्याने आम्हाला बसवलं. म्हणाला, जोडणी गाड्यांसाठी दिली होती, तिच्यावर पंप चालवता येत नाही, आज यांना सोडलं तर उद्या पट्ट्यातले सगळेच असं करतील. मी म्हटलं, "करू द्या की." तो हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही निवृत्तीला आल्या." मी विचारलं, शेतीला दिवसाची वीज कधी? तो म्हणाला, सौर प्रकल्पाचं काम चालू आहे, टप्प्याटप्प्यानं सगळ्यांना मिळेल. यांचं गाव कोणत्या टप्प्यात, हे त्यालाही माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर गजाननने विचारलं, "म्हंजे आता रातचीच?"

"एकटे जाऊ नका," मी म्हटलं. "फटाके ठेवा जवळ. कुणीतरी सोबत न्या."

"नामदेवदादासंगं मीच होतो ना तवा," तो म्हणाला आणि बसस्टँडकडे चालू लागला.

संत्र्याचं एक असतं. हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देतात. पानं मलूल झाली की मग पाणी सोडायचं, तेव्हा झाड फुलतं. ते पहिलं पाणी वेळेवर सुटलं नाही तर फुलं नाहीत, आणि फुलं नाहीत तर त्या वर्षाचा बहार, म्हणजे पीकच, नाही. गजाननला आणखी काही दिवस थांबून दिवसाच्या पाळीत पाणी देता आलं नसतं का, हा प्रश्न मला पुढे अनेकांनी विचारला, त्याचं उत्तर हे. दिवसाची पाळी येईतो गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तो बदलून आला तेव्हा पाळी पुन्हा रात्रीवर गेलेली होती.

जानेवारीत एका सकाळी मोबाइलवर गजाननचं नाव दिसलं. मी म्हटलं, "बोला गजाननभाऊ."

"मी बोलून राहिली, सुनंदा," पलीकडून आवाज आला. "ते गेले मॅडम. काल रातच्याले, अस्वलानं."

तिचा आवाज ताठ होता. ती म्हणाली, "इथी पंचनामा चालू हाय. ते इचारून राह्यले, रातच्याले इथी कायले आलता? मी म्हन्लं ओलिताले. तं म्हन्तेत, ह्या जागेत रातचं याले बंदी हाय, तशी अट हाय. त्याच्यावर ह्याइची सही हाय म्हन्तेत. काय सांगू मी त्याइले?"

पाणी सोडायचा व्हॉल्व्ह चार्जिंगच्या शेडला लागून होता. गजानन तिथेच पडलेला सापडला होता, त्या पाटीपासून हातभर अंतरावर. जी अट गाड्यांसाठी घातली होती ती आता मेलेल्या माणसाला लागू होत होती, आणि वाक्य माझं होतं. 'माणसांची ये-जा असणार नाही.'

मी वनखात्याच्या साहेबांकडे गेले. त्यांच्या टेबलावर तोच कागद होता. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "मॅडम, अट ग्राहकांसाठी आहे. शेतमालकासाठी नाही. मी तसं लिहून देतोय, म्हणजे भरपाई अडणार नाही." त्यांनी माझ्यासमोर लिहिलं आणि सही केली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "त्या अस्वलाला आता लोक मारतील. मी त्यांना काय म्हणून अडवू?" शिपायाने आणलेल्या चहावर साय धरली.

तेराव्यानंतर मी सुनंदाकडे गेले. नामदेव ओट्यावर बसला होता, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. बागेला पहिलं पाणी मिळालं होतं, निम्म्या बागेला. निम्मी झाडं पांढरी फुलली होती, निम्मी तशीच सुकी उभी होती. गजाननने त्या रात्री कुठपर्यंत पाणी नेलं होतं ते लांबूनही दिसत होतं. सुनंदाने काही न विचारता चहा केला. मी तो प्यायले. आता अर्ज नव्हता.

ती फार रडली नाही. एकदाच म्हणाली, "मॅडम, गाडी रातची इथी नको, कारण जनावराले तरास होते. असंच हाय ना ते?"

मी म्हटलं, "हो."

ती पाटीकडे बघत होती. मला वाटलं, विषय संपला.

माझ्या निवृत्तीच्या महिन्यात शेठजींची फाइल पुन्हा आली. नकाशातून तात्पुरता काढलेला हॉल परत आला होता आणि त्यासोबत आणखी चार्जर. लोकांच्या हरकती ऐकण्यासाठी अमरावतीला सुनावणी ठेवली होती. अशा सुनावणीला सहसा कुणी येत नाही. आम्ही, शेठजी, त्यांचा वकील आणि पंखा. त्या दिवशी मागच्या खुर्चीवर सुनंदा बसलेली होती. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, तुमची हरकत काय आहे?"

ती उभी राहिली. "हरकत नाही साहेब माही."

"मग कशासाठी आलात?"

"ते अटी वाचता ना तुमी, त्या वाचा. रातची वाली."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचली. रात्रीची वेळ वन्यप्राण्यांच्या हालचालीची असल्याने सूर्यास्तानंतर चार्जिंग बंद राहील व सदर जागेत माणसांची ये-जा असणार नाही. माझा आवाज मलाच परका वाटला.

सुनंदा म्हणाली, "हेच आमच्या वावराले लावा. सूर्य बुडला का तिथी माणसानं जाऊ नये, असं लिहून द्या, सही-शिक्क्याचं. शेठजीच्या गाडीले बंदी हाय, तशी मलेबी करा. मंग लाईटवाल्याइले दिवसाच लाईट द्या लागन. मी मोडनार नाही अट. मोडली तं जेलात टाका."

शेठजींनी खाली पाहिलं. वीज कंपनीचा तो तरुण अभियंता समोरचे कागद उगाच सरळ करत राहिला. वनखात्याचे साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी अध्यक्षांना म्हटलं, "सर, निदान नोंद तरी घेऊ." अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, शेतीच्या विजेचा विषय या समितीच्या कक्षेत येत नाही." मग लेखनिकाकडे वळून त्यांनी इतिवृत्त सांगितलं: एक महिला उपस्थित, त्यांची हरकत नाही. प्रस्ताव मंजूर झाला. वडिलांनी विचारलेला प्रश्न मला तेव्हा आठवला. मंग तू कायले लागते?

मी तिच्या मागोमाग व्हरांड्यात गेले. म्हटलं, "सुनंदाताई, घरी चला. जेवून, मुक्काम करून उद्या जा."

"नाही मॅडम. अकोटची बस कितीले हाय?"

"आहे अजून. एवढी घाई कशाची?"

तिने पिशवी खांद्याला लावली. "नामदेवभाऊले एका डोळ्यानं अंधाराचं समजत नाही. मलेच जा लागते," ती म्हणाली. "ह्या हप्त्यात आमची लाईट रातची हाय."